मागच्या बाकावरची मार्सली

ब्रेनिवाल गावात प्रभुभोजनाचे पाच दिवस आले की मार्सलीच्या घरातलं मोठं पातेलं चुलीवरून खाली उतरत नसे. गुरुवार ते सोमवार. स्कॉटलंडमधल्या आमच्या ल्यूइस बेटाच्या कानाकोपऱ्यातून माणसं यायची, कुणी बसनं, कुणी माळ तुडवत पायी, आणि घरोघर दहा-बारा पाहुणे उतरायचे. मार्सलीकडे नेहमी दोन जास्तच, कारण तिचा मटणाचा रस्सा. बार्ली, सलगम आणि गाजर घालून सकाळपासून शिजत ठेवलेला तो रस्सा ओरपून लांबलांबचे पाद्री निम्मा उपदेश विसरून जातात, असं तिची थोरली बहीण ओयरिक म्हणायची. ओयरिकचं बोलणं खारवलेल्या हेरिंग मासळीसारखं होतं. खारट, पण बटाट्याबरोबर घशाखाली उतरायचं.

तीस वर्षं मार्सलीनं असं सगळ्या बेटाला जेवू घातलं. आणि रविवारी ज्या एका जेवणासाठी ही माणसं जमायची, ते मात्र तिनं एकदाही चाखलं नाही. देवळात पुढच्या बाजूला पांढरं कापड अंथरलेलं लांबलचक मेज असे. स्तोत्र सुरू झालं की शिशाचा छोटा बिल्ला हातात असलेले लोक उठून मेजाकडे जात, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट घेत. बाकीचे आपल्या जागी बसून राहत. मार्सली अगदी मागच्या बाकावर, खिडकीखाली, बसून राही. तिला जन्मात एकच गोष्ट हवी होती. एकदा, फक्त एकदा त्या मेजाशी जाऊन बसावं. तिला कुणी अडवलं नव्हतं, हे नीट लक्षात ठेवा. बिल्ले शनिवारी मंडळीचे पंच देत, पण ज्याला हवा त्यानं तो स्वतः मागायचा असे. मार्सलीनं कधी मागितला नाही.

बाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल. आमच्याकडे अशी माणसं गावोगाव होती. एक रविवार न चुकवणारी, सकाळ-संध्याकाळ घरात पुस्तक उघडून स्तोत्र गाणारी, आणि तरीही ‘मी कसली त्याची? माझ्यात त्याची खूण कुठं आहे?’ म्हणत उंबऱ्यातच थांबणारी. मेजावर अयोग्य माणसानं हात घातला तर तो आपल्यावरच शिक्षा ओढवून घेतो, हे लहानपणापासून कानात घातलेलं. मला विचाराल तर या धास्तीला नम्रता म्हणायची आमची सवयच वाईट. पण माझं कोण ऐकतंय!

ओयरिकला खूण मिळालेली होती. बावीस वर्षांची असताना गोठ्यात गाय पिळता पिळता एक वचन तिच्या मनात असं काही उतरलं की ती ताडकन उठली आणि बादली लवंडून सगळं दूध शेणात गेलं. आईनं आधी मुस्कटात दिली, आणि मग कारण ऐकून झग्याचं टोक डोळ्यांना लावलं. त्याच शनिवारी ओयरिकनं बिल्ला मागितला. तेव्हापासून ती मेजावर. मेजाच्या बाकाच्या टोकाला तिची जागा ठरलेली, आणि शेजारी घडी करून ठेवलेली तिची काळी शाल. कितीही दाटी झाली तरी शाल हलायची नाही. काटकुळी बाई, पण जागा दोन माणसांची अडवणार. कुणी सरकायला सांगितलं तर म्हणायची, “शाल चुरगळते.” गाव म्हणायचं, ताठा आहे दुसरं काय! मार्सलीलाही मागच्या बाकावरून ती शाल दिसे आणि बहिणीच्या वतीनं लाज वाटे.

मार्सलीनं खुणेची वाट पाहिली. गोठ्यात पाहिली, माळावर पाहिली, चुलीत जाळायला माळावरची काळी, जळाऊ माती कापून वाळत घालताना पाहिली. तिला तसलं काही आलं नाही. पडसं आलं, दाढदुखी आली, आणि एकतिसाव्या वर्षी ईवरचं मागणं आलं. ईवर मासेमारीच्या बोटीवर होता. हसरा माणूस, गाताना कायम बेसूर. लग्नाला सहा वर्षं झाली आणि एका नोव्हेंबरात, घरातून दिसतात त्याच खडकांवर त्याची बोट फुटली. पाच जण होते. चार सापडले. ईवर सापडला नाही.

मार्सली तीन दिवस किनाऱ्यानं फिरली. तिसऱ्या दिवशी दुपारी, आसपास कुणी नाही असं पाहून, तिनं वर तोंड केलं आणि देवाला बोलायचं ते बोलली. काय बोलली ते तिनं कुणाला सांगितलं नाही. आमच्या बेटावर ज्याच्या नावानं शिंकतानासुद्धा लोक जपून शिंकतात, त्याला ती घसा बसेपर्यंत ओरडून बोलली, एवढंच खरं.

त्याच संध्याकाळी ती ओयरिककडे राहायला गेली, ती कायमची. ओयरिकनं रोजच्यासारखं पुस्तक उघडलं, मेंढपाळाचं स्तोत्र काढलं, आणि तिच्याच तोंडून आवाज फुटेना. एवढी फटकळ बाई, नुसती ओठ हलवत बसली. तेव्हा मार्सलीनं सूर धरला. दुपारी ज्याला नाही नाही ते बोलली त्यालाच बसक्या घशानं मेंढपाळ म्हणून हाक मारली, राजा म्हणून हाक मारली, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. पुढे कितीतरी वर्षांनी ओयरिकनं विचारलं, “त्या दिवशी कशी गं गायलीस तू?” तर म्हणाली, “मग काय करणार होते? ईवर त्याच्याकडंच होता ना.”

त्यानंतर एक संध्याकाळ चुकली नाही. पण ती दुपार तिच्या मनात रुतून बसली. राजाला असं बोललेलं माणूस राजाचं कसं असेल? प्रभुभोजनाच्या दर शनिवारी ओयरिक बिल्ला आणायला निघाली की दारात थांबून विचारायची, “येतेस?”

“रस्सा कोण बघेल?” मार्सली म्हणायची.

“बरं,” म्हणून ओयरिक जायची. कुणाला हाताला धरून मेजावर न्यायचं नसतं, हा आमचा रिवाज. तिनं तो पाळला.

मार्सलीच्या वाट्याला होतं ते गाणं. आमच्या देवळात वाद्य नाही. एक माणूस उभ्यानं ओळ देतो, एकटा, आणि मग सगळी मंडळी ती ओळ उचलते. प्रत्येक जण आपापल्या वळणानं, आपापल्या वेळेनं, कुणी पुढे कुणी मागे, आणि तरी ती एकत्रच किनाऱ्याला लागते. आमच्याकडे ओळ द्यायचा टॉरकिल. मंडळीचा पंच, मार्सलीचा शेजारी, शाळेत तिच्याच बाकावर बसून तिची दगडी पाटी फोडलेला. तो एकदा तिला म्हणाला होता, “मी ओळ टाकतो आणि कान मागं लावतो. खिडकीखालून तुझा आवाज आला की समजतो, पोचली. मग दुसरी टाकतो.”

“म्हणजे म्हातारपणी ऐकू कमी येतंय तुला,” मार्सली म्हणाली होती. पण घरी जाईपर्यंत ती मनातल्या मनात तेच घोळवत राहिली.

दुसरं महायुद्ध संपून दहा वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. त्या जानेवारीत आमच्याकडे कधी पडत नाही असा बर्फ पडला. दगडी भिंती दिसेनाशा झाल्या. मार्सलीच्या त्रेपन्न मेंढ्या माळावर होत्या. चौथ्या दिवशी वारा पडला तशी ती लांब काठी आणि फावडं घेऊन निघाली. सहासष्टाव्या वर्षी! ओयरिक दारातून ओरडली, “अगं मरशील!” तर ही मागे न बघता म्हणाली, “मग मला पण काठीनं शोधा.”

बर्फात काठी खुपसत जायचं, मऊ लागलं की खणायचं. खणताना ती गात होती. सवयीनं, आणि मध्येच थांबून खालून काही हुंकार येतो का ते ऐकता यावं म्हणून. पलीकडच्या उतारावर टॉरकिल आपल्या मेंढ्या खणत होता. त्या पांढऱ्या शुकशुकाटात एकटी बाई मेलेल्या मेंढ्या ओढून काढतेय आणि वर आपल्या मेंढपाळाला, आपल्या राजाला आळवतेय, हे ऐकून त्याला आपलं फावडं उचलवेना, असं त्यानंच पुढे सांगितलं.

एक मेंढी तारेच्या कुंपणाखाली जिवंत सापडली. जेमतेम वर्षाची. तिचा डावा कान तारेला गोठून चिकटला होता. मार्सलीनं तिला धरून ओढली तशी तिनं दोन लाथा झाडल्या. एक बरगडीत, दुसरी तोंडावर. ओठ फुटला. तरी मार्सलीनं सोडलं नाही. पाय रोवून हिसका दिला तेव्हा मेंढी सुटून आली आणि अर्धा कान तारेला राहिला. त्या कानावरच मार्सलीच्या घरची खूण होती, मागच्या बाजूनं दोन खाचा. टॉरकिल तोवर धावत येऊन पोचला होता. “रक्त येतंय तुला,” तो म्हणाला.

“आधी हिला बघ,” मार्सली म्हणाली.

त्रेपन्नातल्या एकोणीस वाचल्या. त्या संध्याकाळी सुजल्या ओठानं ती गायली तेव्हा शब्द नीट निघत नव्हते. ओयरिकला हसू आलं आणि मग रडूही आलं.

उन्हाळ्यात तिला धाप लागायला लागली. डॉक्टरनं छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं, हृदय थकलंय, आता माळ बंद.

“मग मेंढ्या तुम्ही आणणार का?” तिनं विचारलं.

डॉक्टर हसला नाही. वसंतापर्यंतचं मी काही सांगू शकत नाही, म्हणाला. आमच्याकडे प्रभुभोजन वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि शरदात. मार्सली घरी येताना बोटांवर मोजत आली आणि तिला एकाच बोटावर थांबावं लागलं. हा शरद. त्या रात्रीपासून ते पांढरं कापड तिच्या डोळ्यांपुढून हलेना. भाकरी वाढताना, कपडे वाळत घालताना, तिचा जीव तिकडं ओढला जाई. ईवरसाठी झालं होतं तसंच, फक्त ईवर गेलेला होता आणि मेज तर तीस पावलांवर होतं.

सप्टेंबरच्या अखेरीस माळावरच्या मेंढ्या खाली आणून दगडी मेंढवाड्यात कोंडल्या. ओरडा, कुत्री, औषधाच्या पाण्याचा वास. मार्सलीला भिंतीवर बसवून ठेवलं होतं. तिथून तिनं पाहिलं की फिनलेनं एका अर्धकान्या मेंढीला शिंगाला धरून आपल्या कळपाकडे चालवलंय. फिनले जहाजावरचा निवृत्त आचारी, मोठ्या तोंडाचा, मनानं वाईट नव्हता. बर्फात त्याच्याही बऱ्याच गेल्या होत्या, आणि त्याच्या घरची खूणही डाव्या कानावरच असायची.

“सोड तिला,” मार्सली वरून म्हणाली. “माझी आहे.”

“तुझी कशी? पाठ बघ, तोंड बघ. माझ्या मेंढ्याचं बी आहे हे.”

“तुझ्या मेंढ्याचं बी अर्ध्या गावात आहे. त्याला तू तरी काय करणार!”

मेंढवाडाभर हशा पिकला. फिनले लाल झाला. “मग खूण दाखव. कान कुठाय?”

“कान माळावर तारेला आहे. जाऊन घेऊन ये.”

“म्हणजे खूण नाही.”

“नसू दे. अरे, खुणा तुमच्यासाठी असतात, तुम्ही भांडू नये म्हणून. मला कशाला लागते खूण? आईच्या पोटातनं मी ओढून काढलीय हिला, आणि बर्फातनं पण मीच.” ती भिंतीवरून उतरली, तेवढ्यानंही तिला धाप लागली. “ती कुणाची हे तिला कुठं ठाऊक आहे! मला ठाऊक आहे, पुरे झालं.”

मेंढीनं तेवढ्यात मार्सलीकडे पाठ केली आणि लेंड्या टाकल्या. पुन्हा हशा. पण टॉरकिल हसत नव्हता. तो पुढे आला आणि म्हणाला, “फिनले, सोड. तिनं काढली तेव्हा मी तिथं होतो.” फिनलेनं पुटपुटत शिंग सोडलं, आणि वर मेंढीला उचलून मार्सलीच्या कळपात नेऊनही दिली. टॉरकिल मात्र मार्सलीकडेच बघत राहिला, इतका वेळ की तिनं विचारलं, “काय रे? माझ्या तोंडाला काही लागलंय का?”

पुढच्याच आठवड्यात पाहुणे आले. गुरुवार उपासाचा. शुक्रवार प्रश्नाचा. शुक्रवारी देवळात पाद्री विचारतात, खरं मेंढरू कोणतं आणि नुसतं कळपात घुसलेलं कोणतं, याच्या खुणा सांगा. मग गावोगावचे जाणते पुरुष एकेक करून उठतात आणि आपल्याला कळलेल्या खुणा सांगतात. पापाचं दुःख. प्रार्थनेची गोडी. शत्रूबद्दल माया. मार्सली दर वर्षी प्रत्येक खूण आपल्याला लावून बघायची, आणि दर वर्षी तिची ती किनाऱ्यावरची दुपार वर यायची. त्या शुक्रवारीही तसंच झालं. सात जण बोलून झाले तोवर तिच्याजवळ एकही खूण उरली नव्हती.

आठवा टॉरकिल. तो पुढचं बाक धरून उभा राहिला.

“खुणा सगळ्यांनी सांगितल्या, त्या खऱ्याच आहेत,” तो म्हणाला. “मी गेल्या आठवड्यात मेंढवाड्यात एक मेंढी बघितली. खूण नसलेली. धनीण म्हणाली, माझी आहे. विचारलं कशावरून, तर म्हणाली, तिला ठाऊक नसेल, मला ठाऊक आहे. मी तीस वर्षं इथं उभा राहून खुणा सांगतोय. मला हे कधी सुचलं नाही.” आणि तो खाली बसला.

मार्सलीचे कान तापले. ओयरिकनं तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी बाहेरच्या खोलीत चौदा पाहुणे ओरपत होते आणि टॉरकिल आत स्वयंपाकघरात वाडगा घेऊन उभा राहिला, तशी मार्सली डाव घेऊन त्याच्यावर धावली. “माझी मेंढी देवळात न्यायला तुला कुणी सांगितलं होतं? लेंड्या टाकल्या ते नाही सांगितलंस!”

“राहिलं खरं,” टॉरकिल म्हणाला. “मार्सली, मेंढीला तिचा कान दिसतो का गं?”

“काय?”

“खूण कानाच्या मागच्या बाजूला घालतो आपण. मेंढीनं कितीही मान वळवली तरी तिला ती दिसेल का?”

पातेल्यातली वाफ त्या दोघांच्या मधून जात होती.

“मग तू काय शोधतेयस तीस वर्षं?” त्यानं विचारलं.

तिनं डाव पुसायला घेतला. मग हळूच म्हणाली, “टॉरकिल, तुला माहीत नाही. ईवर गेला तेव्हा मी त्याला... वरच्याला... मी काय काय बोललेय.”

“ओठ दाखव.”

“काय?”

“ओठ दाखव तुझा. व्रण आहे अजून. तिनं लाथ घातली तेव्हा तू सोडलीस तिला?”

“सोडून कसं चालेल? मेली असती.”

“रागावलीस?”

“छे! घाबरलेली होती बिचारी. काही कळत नव्हतं तिला.” हे बोलली आणि मार्सली तिथंच स्टुलावर बसली. डाव मांडीवर, रस्सा झग्यावर ठिबकत. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते ती पुसेचना. टॉरकिलनं आपला वाडगा स्वतःच भरून घेतला आणि बाहेर जाऊन बसला.

शनिवारी ओयरिक शाल खांद्यावर टाकून दारात थांबली. “येतेस?” तिनं नेहमीसारखंच विचारलं, आणि उत्तर ठरलेलं म्हणून पाऊल बाहेरही टाकलं.

“थांब, टोपी घालते,” मार्सली म्हणाली.

ओयरिकचं पाऊल हवेतच राहिलं. “रस्सा कोण बघेल?”

“पाहुणे बघतील. हात आहेत त्यांना.”

चढावर मार्सली तीनदा थांबली. ओयरिकही तीनदा थांबली, आणि तिन्ही वेळा तिनं आपल्या बुटाची नाडी तपासली.

देवळामागच्या छोट्या खोलीत पाद्री आणि पाच पंच बसले होते. पाद्री तरुण, दक्षिणेकडच्या बेटावरचा. तो म्हणाला, “बाई, इतकी वर्षं का आला नाहीत?”

“वाट बघत होते. काहीतरी कळेल म्हणून.”

“आणि आता कळलं?”

“नाही,” मार्सली म्हणाली. टॉरकिलनं डोळे मिटले. “नाही कळलं, साहेब. माझ्यात शोधलं की मला काही चांगलं सापडत नाही. पण माझ्याकडं एकोणीस मेंढ्या आहेत, एकीलाही तिचा कान दिसत नाही, आणि एकही दुसऱ्याची नाही. मी रोज संध्याकाळी त्याला माझा मेंढपाळ म्हणतेय, माझा राजा म्हणतेय. नवरा गेला तेव्हा म्हटलं, बर्फात म्हटलं. राजा मी कधी बघितला नाही. मेंढपाळाचं काम मात्र मला ठाऊक आहे. माझ्यासारखी बाई मेंढरू सोडत नाही, तर तो कसा सोडेल? तेवढ्यावर आलेय मी. तुम्हाला पुरेसं वाटत नसेल तर तसं सांगा, मी परत जाऊन रस्सा बघते.”

मग सगळ्यात म्हाताऱ्या पंचानं एक बिल्ला मेजावरून तिच्याकडे सरकवला. “तीस वर्षं तुझ्या घरी जेवतोय मी, पोरी,” तो म्हणाला. “आणि एकदाही विचारलं नाही की तू का जेवत नाहीस. माफ कर.”

बिल्ला नखाएवढा होता, आणि वाटला होता त्यापेक्षा जड. रात्रभर तो तिच्या मुठीत राहिला.

रविवारी देऊळ खचाखच भरलं होतं. पाद्रींनी बिल्ला असलेल्यांना मेज मोकळं असल्याचं सांगितलं, टॉरकिल उभा राहिला आणि त्यानं पहिली ओळ दिली. लोक उठून पुढे निघाले. मार्सलीला उठायला वेळ लागला. टॉरकिलनं ओळ टाकली आणि सवयीनं खिडकीकडे कान लावला. खिडकीखालून आवाज आला नाही. तो क्षणभर अडखळला, आणि मग त्याला तो आवाज मधल्या वाटेवरून ऐकू आला, दमलेला, दर दोन पावलांवर श्वास घेणारा, पण पुढे पुढे येत असलेला. त्यानं दुसरी ओळ टाकली ती अर्ध्यावरच तुटली. मागची सगळी मंडळी त्याला सावरत ती ओळ पुढे घेऊन गेली.

मेजाच्या अलीकडे उभ्या म्हाताऱ्या पंचानं बिल्ला घेतला. मार्सली मेजापाशी पोचली, आणि तिथं बसायला जागाच नव्हती. दोन्ही बाकं माणसांनी भरलेली, खांद्याला खांदा. ती उशिरा निघाली होती. ती उभी राहिली, रिकाम्या हातांनी. मागं फिरावं की काय, हे तिच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसलं.

तेव्हा बाकाच्या टोकाला ओयरिकनं हात पुढे करून आपली काळी शाल उचलली आणि मांडीवर घेतली. खाली एका माणसाची जागा होती, नेमकी एकाच माणसाची. फिनले मागच्या बाकावर होता. शालीवरून सगळ्यात जास्त टिंगल त्यानंच केली होती. त्यानं मान खाली घातली ती शेवटपर्यंत वर केली नाही.

मार्सली बसली. बाक गार नव्हतं. शालीखालचं लाकूड उबदार होतं.

“कधीपासून?” तिनं ओठांतल्या ओठांत विचारलं.

“ईवर गेला त्या वर्षापासून,” ओयरिक समोर बघत म्हणाली. “आता गप्प बस. भाकरी येतेय.”

भाकरीचं ताट डावीकडून हातोहात येत होतं. ओयरिकनं आपला तुकडा घेतला, आणि ताट बहिणीपुढे धरलं.